तिसरा सिलिंडर चुकतोय, हे गाडीला कळतं कसं?

प्रश्न : आमची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे. वैभववाडीहून परतताना करूळ घाटाच्या चढाला ती झटके मारू लागली आणि समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. कसेबसे गगनबावड्याला पोचलो. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला एक जुने मेस्त्री बसतात. त्यांनी बॉनेट उघडलं, मिनिटभर नुसतं ऐकलं आणि म्हणाले, "मिसिंग हाय. एक मेलाय." दुसऱ्या गॅरेजमधल्या पोरानं मशीन लावलं. त्यावर ‘पी०३०३’ असं आलं. म्हणाला, तिसरा सिलिंडर. तिसऱ्याचा प्लग नवा घातला. आठवडाभर गाडी छान पळाली आणि पुन्हा तेच सुरू झालं. आता कुणी कॉइल म्हणतं, कुणी इंजेक्टर, कुणी थेट हेड उतरवा म्हणतं. माझी शंका वेगळीच आहे. सिलिंडरच्या आत कान नाही, डोळा नाही, मग नेमका तिसराच चुकतोय हे मशीनला कळतं कसं? आणि एवढं कळतं, तर का चुकतोय ते का कळत नाही?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : त्या पोरानं लावलेल्या मशीनला काहीच कळत नाही. ते फक्त वाचून दाखवतं. नोंद केलेली असते ती गाडीतल्या कॉम्प्युटरनं, म्हणजे ईसीयूनं. आणि त्यालाही सिलिंडरच्या आतलं काही दिसत नाही. तो लक्ष ठेवतो फक्त क्रँकशाफ्टच्या वेगावर.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत चार स्फोट होतात, म्हणजे दर अर्ध्या फेरीला एक. बहुतेक गाड्यांत हा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. प्रत्येक स्फोट क्रँकला एक ढकल देतो आणि पुढची ढकल येईपर्यंत क्रँक किंचित मंदावतो. आता जात्यावर दोघी दळायला बसल्यात आणि त्यातल्या एकीचा हात ढिला पडला असं समजा. जातं थांबत नाही, पण त्या एका टप्प्यावर ते रेंगाळतं, आणि दुसरीच्या हाताला ते लगेच कळतं.

हे रेंगाळणं मोजायला क्रँकला जोडलेलं एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते आणि दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे प्रत्यक्षात ५८. गाळलेली जागा ही फेरीची खूण. शेजारी बसवलेला सेन्सर प्रत्येक दाता समोरून जाताना ईसीयूला इशारा देतो. इंजिन स्लोवर ९०० आरपीएमनं फिरत असेल तर अर्धी फेरी सुमारे ३३ मिलिसेकंदांत होते. तिसऱ्याची ढकल आलीच नाही, तर त्याच्या वाट्याच्या अर्ध्या फेरीला थोडा जास्त वेळ लागतो. ईसीयू हा जास्तीचा वेळ पकडतो.

इथे एक अडचण आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दुसरा आणि तिसरा पिस्टन एकत्रच वर येतात, पहिला आणि चौथा एकत्र. त्यामुळे नुसत्या क्रँककडे पाहून पाळी तिसऱ्याची होती की दुसऱ्याची, हे ठरत नाही. ते सांगतो कॅमशाफ्टवरचा दुसरा सेन्सर. दोघांची साक्ष जुळली की ईसीयू ‘पी०३०३’ लिहून ठेवतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. सगळेच आळीपाळीनं चुकत असतील तर ‘पी०३००’.

तुमच्या गल्लीतले मेस्त्री मिनिटभर जे ऐकत होते, ते हेच. त्यांच्या कानाला लयीतली खोट कळली. पूर्वी ते पुढची पायरीही मशीनशिवायच करायचे. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही, कारण तो आधीच काम करत नव्हता. दसऱ्याला दसरा चौकात मिरवणुकीनं येणारी छत्रपतींची मेबॅक ज्या जमान्यातली, त्या जमान्यात सगळ्या जगाची हीच रीत होती. ईसीयूनं त्यात मापाची अचूकता आणली, तर्क तोच ठेवला. मात्र आजच्या गाडीवर हा वायर काढायचा प्रयोग करू नका. कॉइल बारा व्होल्टचे पंचवीस-तीस हजार व्होल्ट करते. तो झटका माणसाला तर बसतोच, शिवाय ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा ईसीयूचा तो भाग जळू शकतो. करायचंच तर इंजेक्टरचा कनेक्टर काढून करावं, किंवा बऱ्या दर्जाच्या स्कॅनरवरून एकेक सिलिंडर बंद करून पाहावं.

ईसीयूसुद्धा फसतो, हेही सांगायला हवं. रस्ता खड्ड्यांचा असेल तर चाकांचे हिसके गिअरबॉक्समार्गे क्रँकपर्यंत पोचतात आणि क्रँकचा वेग तसाच खालीवर होतो. म्हणून बऱ्याच गाड्यांत ईसीयू एबीएसच्या सेन्सरकडून चाकांची हालहवाल घेतो, आणि रस्ता फारच वाईट असेल तर मिसफायर मोजणं तेवढ्यापुरतं थांबवतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला बरीच सुट्टी मिळत असणार. शिवाय इंजिन वेगात असताना जडत्वामुळे फरक अगदी बारीक होतो. ६००० आरपीएमला अर्धी फेरी ५ मिलिसेकंदांत संपते, त्यात एक ढकल चुकलेली ओळखणं सोपं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ईसीयूला ‘कोण’ कळतं, ‘का’ कळत नाही, कारण तो परिणाम मोजतो. ढकल आली नाही, एवढंच त्याच्या वहीत असतं. ठिणगी पडली नाही, पेट्रोल आलं नाही, की दाब टिकला नाही, या तिन्हींनी क्रँक सारखाच मंदावतो. तुमच्याकडे तीन जण तीन कारणं सांगताहेत, ती तिन्ही शक्य आहेत. चूक एवढीच की प्रत्येक जण कारणाऐवजी सुटा भाग सांगतोय.

पण तुमच्या पत्रात दोन धागे आहेत आणि दोन्ही एकाच बाजूला जातात.

पहिला धागा, झटके चढाला सुरू झाले. चढावर आपण ॲक्सिलरेटर दाबतो, सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो. दाब जितका जास्त तितकं प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. सपाटीवर निभावून नेणारी अशक्त कॉइल घाटात हात टेकते. याउलट झटके फक्त सकाळी थंड इंजिनावर, स्लोवर येत असते आणि पळताना गायब होत असते, तर मी आधी हवेची गळती, गळका इंजेक्टर किंवा नीट न बसणारा वॉल्व यांच्याकडे पाहिलं असतं.

दुसरा धागा म्हणजे नव्या प्लगवर गाडी आठवडाभर चांगली चालली. त्यामुळे प्लग हेच कारण होतं असं वाटतं, पण पुन्हा तेच झालं म्हणजे ते नव्हतं. नव्या प्लगच्या टोकांच्या कडा धारदार असतात आणि फट मापात असते, त्यामुळे ठिणगीला कमी व्होल्टेज पुरतं. अशक्त कॉइलला तेवढा दिलासा मिळतो. काही दिवसांत कॉइल आणखी खालावते, आणि दुखणं परत येतं. दुसरी शक्यता अशी की प्लग बदलताना कॉइलची रबरी नळी काढून पुन्हा घट्ट बसली, तेवढ्यानं आठवडा निभावला. त्या रबराला आतून केसासारखी काळी रेघ पडली असेल तर करंट प्लगकडे जायच्या ऐवजी त्या रेघेवरून इंजिनच्या अंगाला उतरतो. दमट हवेत हे हमखास. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं गॅसकेट गळतंय. तेलानं रबर फुगतं आणि नवी कॉइलसुद्धा काही महिन्यांत जाते. म्हणून नुसती कॉइल बदलून मोकळं होऊ नका, खड्डा टॉर्चनं बघा. आणि इंजिन प्रेशरच्या पाण्यानं धुऊन घेतलं असेल तर तेही मेस्त्रींना सांगा.

आता करायचं काय? सुटा भाग विकत आणण्याआधी जागा बदलून बघा. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर घाला, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पुसा. गाडी त्याच परिस्थितीत चालवा, म्हणजे चढाला, भार घेऊन. जोतिबाच्या डोंगराचा रस्ता यासाठी पुरेसा आहे. नवा कोड ‘पी०३०२’ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला. मग कॉइल आणा, विषय संपला. ‘पी०३०३’च आला तर कॉइल निर्दोष, आता हाच खेळ प्लगचा करा. तरीही तिसराच चुकत असेल तर इंजेक्टरकडे वळायचं. तो शेवटी, कारण त्यासाठी फ्युएल रेल उतरवावी लागते. आधी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाजवळ धरून टकटक ऐकू येते का पाहतात, शेजारच्याशी ताडतात. मीटरवर बऱ्याच इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहमच्या आसपास येतो. चौघांत एकाचाच वेगळा आला तर तो पकडला गेला. या सगळ्यात पैसा लागत नाही, मजुरी आणि सबुरी लागते. गिऱ्हाईक घाईत असतं आणि सबुरीची मजुरी लावता येत नाही म्हणून गॅरेजवाला सुटा भाग बदलतो. दोष त्याच्या एकट्याचा नाही.

एक साधी गोष्ट इथे बऱ्याचदा हुकते, ती म्हणजे तिसरा सिलिंडर कुठून मोजायचा? आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा पहिला, गिअरबॉक्सच्या बाजूचा शेवटचा. पण रेनोसारख्या फ्रेंच कंपन्यांच्या अनेक इंजिनांत मोजणी गिअरबॉक्सच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या बाजूनं होते. चार सिलिंडरच्या गाडीत उलटीकडून मोजलं की तिसऱ्याचा दुसरा होतो, आणि निरोगी सिलिंडरचा प्लग बदलला जातो. तीन सिलिंडरवाल्यांना निदान मधल्याची तरी काळजी नाही.

काढलेला जुना प्लग फेकून दिला नसेल तर त्याच्याकडे बघा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी दुबळी. पेट्रोलनं ओला असेल तर ठिणगीच पडत नाही. तेलकट असेल तर रिंग किंवा वॉल्व सील. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा प्लग चुकीच्या मापाचा. फिकट विटकरी असेल तर त्या सिलिंडरचा जाळ ठीक होता. एक विनंती : प्लग इरिडियमचा असेल तर त्याला पॉलिश पेपर मारू नका, फट वाकवून जुळवू नका. त्याचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, ते मोडतं.

हेड उतरवायचा सल्ला मात्र आज स्वीकारू नका. त्याआधी कॉम्प्रेशन बघायचं. चारही प्लग काढायचे, पेट्रोल आणि ठिणगी बंद करायची, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि गेज लावून स्टार्टर मारायचा. आकडा किती यावा हे गाडीगणिक बदलतं. चौघांत तफावत किती, हे बघायचं. समजा बाकीच्यांत १७० पीएसआय आणि तिसऱ्यात ११०. मग त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, कारण तेलानं त्यांची फट तात्पुरती भरली. जागचा हलला नाही तर वॉल्व किंवा हेड गॅसकेट. शेजारशेजारचे दुसरा-तिसरा दोघेही पडले असतील तर दोघांमधलं गॅसकेट फुटल्याचा संशय आधी घ्यावा. सोबत कूलंट कमी होत असेल आणि धूर पांढरा येत असेल, तर संशय राहत नाही.

आणि समजा तिथवर वेळ आलीच, तर तुम्ही योग्य गावात राहता. मंगळवार पेठेपासून उद्यमनगर लांब नाही. हेडचं फेसिंग, वॉल्वची सीट कापणं, लॅपिंग, बोअरिंग ही कामं तिथे पिढ्यान् पिढ्या चालतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तर इंजिनचे ब्लॉक नि हेड ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत, पिस्टन घडवणारे कारखाने आहेत. देशभरातल्या कितीतरी गाड्यांच्या पोटात कोल्हापूरचं बीड आहे. हेडचं काम करून घेताना एकच बघा : फेसिंगनंतर पट्टी ठेवून सपाटी दाखवायला सांगा. चांगला कारागीर न सांगता दाखवतो.

आता लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल, कारण तुम्ही तो दिवा बघत गगनबावड्यापर्यंत आलात. स्थिर पेटलेला पिवळा दिवा सांगतो, सवडीनं दाखवा. लुकलुकणारा दिवा सांगतो, आत्ता पाय उचला. ही पद्धत अमेरिकेतल्या ओबीडी-दोन नियमांतून आली. तिथे १९९६ सालच्या मॉडेलपासून ती सगळ्या मोटारींना लागू झाली. मिसफायर दोन फूटपट्ट्यांनी मोजतात. क्रँकच्या १००० फेऱ्यांमागे किती, यावरून प्रदूषण ठरतं. २०० फेऱ्यांमागे किती, यावरून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला धोका आहे का ते ठरतं. ३००० आरपीएमला २०० फेऱ्या म्हणजे अवघे ४ सेकंद, इतक्या लगेच निकाल लागतो, कारण नुकसानही तितक्याच लगेच सुरू होतं. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला प्राणवायू दोन्ही सायलेन्सरच्या वाटेनं कन्व्हर्टरमध्ये जातात आणि तिथे जळतात. आतली चिनीमातीची बारीक जाळी, जिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो, ती तापून वितळते आणि वाट बुजते. मग गाडीला पिकअप राहत नाही आणि कॉइलच्या कितीतरी पट खर्च उभा राहतो. घाटात असा दिवा दिसला तर सुरक्षित जागा बघून थांबावं. मात्र वाळक्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर गाडी उभी करू नये. तापलेला कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली असतो आणि पाचट पेटायला तेवढं पुरतं.

याच विषयावरची आणखी दोन पत्रं आहेत, त्यांनाही इथेच उत्तर देतो.

प्रश्न : आमच्या गाडीला झटके येतात. सगळे म्हणतात, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रताप. खरं काय?
— एक वाचक, कागल

उत्तर : कागलच्या माणसानं इथेनॉलबद्दल विचारावं, हे बरं झालं. टाकीतलं इथेनॉल आसपासच्याच उसाचं असण्याची शक्यता आहे. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून मायलेज काही टक्के उतरतं, ही तक्रार रास्त आहे. झटक्यांचं मात्र तपासून बोलावं. टाकी एकच, पेट्रोल चौघांना सारखंच जातं. कोड कायम एकाच सिलिंडरचा येत असेल तर इंधनाला दोष देता येत नाही. ‘पी०३००’ येत असेल, सोबत मिश्रण पातळ असल्याचा ‘पी०१७१’ असेल, आणि हे सगळं पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू झालं असेल, तर संशयाला जागा आहे. तोही इथेनॉलपेक्षा पाण्यावर घ्यावा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात कुठेतरी पाणी मुरून ते मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि पंप तळातूनच खेचतो. काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुण्यावाचून इलाज नाही. गाडी कार्बोरेटरची असेल तर गोष्ट वेगळी. तिला मिश्रण आपोआप जुळवता येत नाही आणि तिचे जुने रबरी पाइप, वायसर इथेनॉलनं खराब होतात. ते बदलून घ्या.

प्रश्न : कंपनी फिटेड सीएनजी गाडी आहे. पेट्रोलवर मऊ चालते, गॅसवर टाकली की चढाला मिसिंग. गॅस किट खराब समजायचं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : इतक्यात नको. पेट्रोलच्या मिश्रणापेक्षा गॅसचं मिश्रण पेटवायला जास्त जोरकस ठिणगी लागते. त्यामुळे प्लग किंवा कॉइल अर्धी दमली की पेट्रोलवर कळत नाही, गॅसवर उघडी पडते. आधी प्लग पाहा. कंपनीनं गॅसच्या गाडीला नेमून दिलेला प्लगच घातलाय ना, फट पुस्तिकेतल्या मापाची आहे ना. बाजारात पेट्रोल मॉडेलचा प्लग सहज हातात दिला जातो. मग वर सांगितल्याप्रमाणे कॉइलची अदलाबदल. त्यानंतर गॅसचा फिल्टर आणि गॅसचे इंजेक्टर. हे सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन. गॅस कोरडा जळतो, वॉल्वच्या सीट लवकर झिजतात, वॉल्व हळूहळू वर सरकतो आणि टॅपेटची फट बुजत जाते. फट बुजली की वॉल्व पूर्ण मिटत नाही, दाब गळतो, आणि मिसिंग सुरू होतं. गॅसवर बरंच अंतर धावलेल्या गाडीचं टॅपेट मापून घ्या, आणि पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर ते रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड इंजिनावर, सकाळी गॅरेज उघडल्या उघडल्या.